मापाचा माणूस

पुराचा दुसरा महिना, दिवस चौथा

नाही म्हणजे नाही. सेनी माझा थोरला भाऊ असेल, पण म्हणून प्रत्येक वेळी त्याचंच खरं असं कुठं आहे? वर दक्षिणेत तुझ्यासाठी कोण ताट वाढून बसलंय, हे त्याचं घाटावरचं शेवटचं बोलणं. अख्ख्या प्रवासात मी त्याला मनातल्या मनात उत्तरं देत आलो, आणि आता खरं उत्तर सापडलंय तर ऐकायला तो नाही. तो तिकडे समुद्राजवळच्या चिखलात जाळी ओढतोय. घे, सेनी. पश्चिम काठावर पाय ठेवला आणि ऊन डोक्यावर यायच्या आत मला काम लागलं. तेही मोठ्या घराचं.

मोठं घर म्हणजे खुद्द राजा. कांदे विकणारीपासून पुजाऱ्यापर्यंत सगळे तसंच म्हणतात. नावाने बोलायची कुणाची छाती आहे?

झालं असं की मी नावेतून देवदाराच्या फळ्या उतरवत होतो. एक म्हातारा आला. टक्कल, कानाला खडू, हातात गाठी मारलेली दोरी. काही न विचारता त्याने दोरीचं टोक माझ्या टाळूवर टेकवलं आणि दुसरं टाचेपर्यंत सोडलं. मग खांदे, दंड, मनगट, तळपाय. मी मान वळवायला गेलो तर म्हणाला, “हललास तर पुन्हा पहिल्यापासून. आईने सरळ उभं राहायला शिकवलं नाही का रे?” मग कुणाला तरी ओरडून सांगितलं की बोटभरसुद्धा फरक नाही. मला चालायला लावलं, तर घाटावरचे सगळे हमाल हसले. म्हातारा म्हणाला, हा होडीत जन्मलाय, याच्या पायाखाली जमीन अजून डुलतेय. डुलू दे. मला चालण्याचे नाहीत, उभं राहण्याचे मिळणार आहेत. महिन्याला दोन देबेन तांबं, रोज भाकरी आणि जवाची दारू, सणाला बदक.

म्हाताऱ्याचं नाव इपुकी. मोठ्या घराच्या शवपेट्या घडवणाऱ्यांचा तो मुकादम. त्याच्याच घराच्या गच्चीवर मला जागा दिलीय. त्याच्या बायकोला मी लगेच हेनुतमावशी म्हणून टाकलं, तर तिने मसुराच्या कालवणाबरोबर आमच्याच बाजूचा खारवलेला बोय मासा वाढला.

लिहायला मला देवळाच्या कोठारातल्या कारकुनाने शिकवलं. दोन पूर शिकवलं, मग हाकललं, कारण मला एका जागी बसवत नाही. पण इथे चुनखडीच्या कपच्या पायांत येतात, काजळी चुलीत आहे, बोरू नदीवर. म्हणून लिहितोय. आईचं नाव तेती, माझं अमेनी. दोन्ही नीट लिहिता येतात, अजून काय पाहिजे.

पुराचा दुसरा महिना, दिवस अकरावा

माझं काम म्हणजे काहीच न करणं. सेनीला सांगितलं तर तो चिडून जाळं फाडेल.

जिवंत राजाच्या अंगाला शवपेटीवाल्याची दोरी लावत नाहीत. लावली तर मृत्यूला घराचा पत्ता सांगितल्यासारखं होतं. मग कपडे शिवणाऱ्यांकडून माप गुपचूप घ्यायचं आणि त्या मापाचा माणूस शोधायचा. तो माणूस मी. माझ्यावर खुर्ची बसवून बघतात, पलंग बघतात, हातमोजे, सोन्याच्या चपला, ज्यांच्या तळव्यावर शत्रूंची चित्रं आहेत. मेल्यावर राजा म्हणे तिकडे शत्रूंना तुडवत चालणार. चपला अंगठ्यात लागतात. काठ्या तर विचारू नका, शंभरावर आहेत, हस्तिदंताच्या, आबनुसाच्या, सोनं मढवलेल्या. राजा माझ्याच वयाचा आहे ना, मग एवढ्या काठ्या कशाला, असं मी विचारलं. सगळे एकदम खाली मान घालून काम करायला लागले. नंतर इपुकीकाकाने हळूच सांगितलं की डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं आहे, आणि ते आपण पाहिलेलं नाही.

पेट्या तीन. एकीत एक बसणाऱ्या. मी आत झोपतो, वरून झाकण लावतात, ठोकून बघतात, काढतात. देवदाराच्या डिंकाचा वास आणि गारवा. परवा मला झोपच लागली. झाकण काढल्यावर वर्ख चिकटवणारे म्हणाले, बघा, मेलेला घोरतोय.

झाकणावरचा चेहराही माझ्याकडे बघूनच कोरतात. राजाकडे इतका वेळ टक लावून कोण बघणार? मात्र डोळ्यांच्या खाचा रिकाम्या आहेत आणि ओठांवर ओल्या मातीचा गोळा थापलाय. तो नियम आहे. ज्याची पेटी तो आत निजला की मगच डोळे बसवायचे, आणि पुजारी सुताराच्या वाकसाचं टोक ओठांना लावून तोंड उघडणार. तोवर ते लाकूड. इपुकीकाका म्हणाला, त्यानंतर ते लाकूड नाही.

पुराचा दुसरा महिना, दिवस एकोणिसावा

इथे माझी चेष्टा कशी करतात ते लिहून ठेवतो. राजाचं नाव निघालं की माणूस मागोमाग “आयुष्य, बळ, आरोग्य” म्हणतो, ते सगळ्यांनाच म्हणावं लागतं. आता हे लोक मला तेच म्हणतात. मी शिंकलो की आयुष्य, बळ, आरोग्य. मी दुसरा कांदा मागितला की आयुष्य, बळ, आरोग्य, आणि वर एक कांदा. मीही हात उचलून आशीर्वाद देतो. काल तर हेनुतमावशीसुद्धा भाकरी ठेवताना तेच म्हणाली आणि पदराने तोंड झाकून हसली.

पण खऱ्याचं काही ठीक दिसत नाही. राजवाड्याचे परीट आमच्याच गल्लीत राहतात. ते म्हणतात, तिसऱ्या दिवशीच्या तापाने चादरी पिळून काढाव्यात अशा भिजून येतात. दाढेला गळू झालंय. पाऊल टेकवत नाही. वाड्यात रोज नवा लेप आणि नवा मंत्र. इकडे आम्हाला हुकूम आलाय की दर दहाव्या दिवशी मिळते ती सुटीही बंद. सोनार चिमटे घेऊन जेवायला बसतात. मेल्यावर तिकडे राजाच्या जागी नांगर धरायला, पाणी ओढायला चारशेच्या वर बाहुल्या लागतात. त्या नीट सुकायच्या आधीच टोपल्यांत भरल्या जातायत.

मोठ्या घरातला गेला तर माझं कामही गेलं, हे खरं. पण हिशेब चुकता होईल आणि मी घरी जाईन. खरं सांगायचं तर आता थोडं घरी जावंसं वाटतंय. इतके दिवस पडून राहायची मला सवय नाही.

पुराचा तिसरा महिना, दिवस दुसरा

आज राजवैद्य आला. नाव नेब्सेनी. तोच पुजारीही आहे, खांद्यावर चित्त्याचं कातडं. फार गोड बोलणारा माणूस. त्याने माझी नाडी बघितली, जीभ बघितली, डावं पाऊल हातात घेऊन बराच वेळ बसला. म्हणाला, किती निरोगी आहे. मग माझं नाव विचारलं. आणि आईचं.

मी सांगितलं. न सांगण्यासारखं त्यात काय होतं?

मग म्हणाला, विधीची रंगीत तालीम करू, आत झोप. इपुकीकाका मध्येच बोलला की तालमीत माती काढायची नसते. वैद्य त्याच्याकडे बघून नुसता हसला. इपुकीकाका कोपऱ्यात सरकला. मी झोपलो, झाकण बसलं.

पुढचं मला नीट लिहिता येत नाही. वरून माती खरवडल्याचा आवाज आला. वैद्य काहीतरी पुटपुटत होता आणि त्यात माझं नाव होतं, तेतीच्या पोटी जन्मलेला अमेनी. मग टक् असा आवाज. वाकस लाकडाला लागला तो. चव मात्र माझ्या जिभेवर आली, लोखंडाची नाही, तांब्याची नाही, रक्ताचीही नाही. मग डोळ्यांच्या खाचांत काच बसवली.

झाकण बंद होतं. मी डोळे मिटले होते. तरी मला छताच्या तुळया दिसल्या. तुळईवर चिमणीचं घरटं. खाली वैद्याचा चेहरा. आणि कोपऱ्यात इपुकीकाका, भिंतीकडे तोंड करून उभा.

बाहेर आल्यावर मी हसून म्हणालो की वर घरटं आहे. कुणी हसलं नाही.

पुराचा तिसरा महिना, दिवस पाचवा

ताप. पहाटेपासून दात वाजतायत आणि ऊन असूनही थंडी. हेनुतमावशीने दोन घोंगड्या टाकल्या. तीन घोंगड्या टाकल्या.

दुपारी रस्त्यात ढोल वाजले. मोठ्या घराचा ताप उतरला. राजा उठून बसला, भाजलेलं बदक खाल्लं. सगळ्या कामगारांना गोड भाकऱ्या वाटल्या आणि सुटी. परीट नाचत होते. मी गच्चीवरून बघत होतो. खाली वर्ख लावणारे बसले होते, त्यांना मी हात केला. चेष्टा कुणी केली नाही. त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली आणि उठून निघून गेले.

योगायोग असेल. इथे नदीकाठच्या सगळ्यांनाच ताप येतो.

पुराचा तिसरा महिना, दिवस आठवा

पुन्हा ताप. बरोबर तिसऱ्या दिवशी. डावी दाढ दुखते, गाल सुजलाय.

मी इपुकीकाकाला म्हणालो, माझा हिशेब करा, मी जातो. तो म्हणाला, काम संपलं नाही. मी म्हणालो, राजा तर बरा झाला, आता पेट्यांची घाई कुणाला आहे? त्याने वाकस खाली ठेवला, पुन्हा उचलला. म्हणाला, आता तर जास्तच घाई आहे.

पुराचा तिसरा महिना, दिवस नववा

हे आजच लिहायला हवं.

बाहेरच्या पेटीवर कोरलेली पावलं फार वर आली होती. तिन्ही पेट्या ज्या दगडी पेटीत ठेवायच्या, तिचं झाकण बसेना. वरून हुकूम आला की बोटं तासून टाका. मी पलीकडे बाकावर घोंगडी घेऊन बसलो होतो. इपुकीकाकाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तासायला सुरुवात केली. सोन्याचे आणि देवदाराचे ढलपे पडत होते, वास छान सुटला होता. डाव्या पावलाकडे आला तेव्हा मी ओरडलो.

कुणी मला हात लावला नव्हता. चपला काढून पाहिलं तर जखम नाही, रक्त नाही. पण बोटं पांढरी, मेणासारखी. चिमटा काढला तरी कळत नाही. मी काकाला थांबा म्हणालो. हात जोडले. तो रडत होता. पण तासत होता. म्हणत होता, थांबलो तर वाकडं राहील, पोरा, वाकडं राहील.

पुराचा तिसरा महिना, दिवस अकरावा

आज पाऊल आत वळलंय. मी बाहेर वळवतो, ते परत आत जातं. काठी लागते. काठी त्यांनीच दिली. आबनुसाची, मुठीला सोनं. ती कुठल्या ढिगातली हे मला विचारावं लागलं नाही.

राजाची मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली. इतक्या जवळून मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. गाल भरलेले, रंग आलेला. देवळाच्या दाराशी खुर्चीतून उतरला आणि कुणाचा हात न धरता चालत गेला. लोक रडत होते आनंदाने. मी त्याची चाल बघत होतो. पाय फाकून, डुलत. होडीत वाढलेल्या माणसाची चाल. राजवाड्यात वाढलेल्याला ती कुठून आली?

पायरीवर तो वळला. एवढ्या गर्दीत त्याने मला शोधलं. मला वाटलं, तोही घाबरलेला आहे. मग पुजाऱ्यांनी त्याला आत नेलं.

पुराचा तिसरा महिना, दिवस बारावा

हेनुतमावशीला मी धरलं. तिचा पदर सोडला नाही. सांगितल्याशिवाय सोडणार नाही म्हणालो.

तिने चूल फुंकली. मग म्हणाली की मृत्यू मोठ्या घराच्या दारात येऊन उभा होता. त्याला हात हलवत परत पाठवता येत नाही. तेव्हा वैद्याने त्याला दुसरा पत्ता दिला. त्याच मापाचा. आता पेटीचे डोळे उघडलेत, तोंड उघडलंय. महिना सरायच्या आत ती भरली नाही तर तो पुन्हा पहिल्या दारात जाईल.

मी म्हणालो, पण ती राजाची आहे. सगळं सोनं त्याचं आहे. त्याला कशात पुरणार?

“त्याला दुसरी करतील. लाकूड काय, येतंय रोज,” ती म्हणाली. “उघडलेलं तोंड उपाशी ठेवत नाहीत, बाळा.”

मग तिने माझ्यासमोर भाकरी ठेवली. वर बदक होतं. आज कुठलाही सण नाही.

पुराचा तिसरा महिना, दिवस तेरावा

पळालो. म्हणजे काठी टेकत घाटापर्यंत गेलो. भर दुपारी, उघड उघड. लपण्याइतकं चालवत नाही.

नावाडी आमच्याच बाजूचा. बोलण्यावरून ओळखलं. मी म्हणालो, दादा, खाली उत्तरेला ने, आई भाडं देईल. तो हसत वळला. माझा चेहरा पाहिला आणि तिथेच गुडघ्यांवर आला. कपाळ चिखलात. मी म्हणालो, अरे ऊठ, मी अमेनी, कोळ्याचा पोरगा. त्याने मान वर केलीच नाही. म्हणत राहिला, मोठं घर एकटं पाण्यावर जात नाही, मालक. मला पाप लागेल.

सगळा घाट गुडघ्यांवर होता. पहिल्या दिवशी हसलेले ते हमालही.

आयुष्य. बळ. आरोग्य. एकजण म्हणाला, मग सगळे.

मला उचलून परत आणलं. फार हळुवार. खाली पाय टेकू दिला नाही.

पुराचा तिसरा महिना, दिवस पंधरावा

मरणाचं भय मला — नाही, तेही वाटतं. पण मरतात सगळेच. बाबा बुडून गेले, आम्ही नाव घेतो, पाणी ओततो, ते आहेत. नाव आहे तोवर माणूस आहे.

पेटीवर नाव त्याचं आहे. चारही बाजूंनी. पट्टीवर, छातीवर, प्रत्येक बाहुलीवर, प्रत्येक काठीवर त्याचं. तिकडे हाक पडेल ती त्याला. मी कोण म्हणून उठू? माझं नाव कुठेच नसेल आणि माझ्या तोंडून दुसऱ्याचं —

इपुकीकाकाला म्हणालो, आतल्या बाजूने, तळाला, कुणाला दिसणार नाही असं, नखाएवढं कोरा. अमेनी. चारच खुणा. काका पाया पडला माझ्या. म्हणाला, हात तोडतील, घर जाळतील, हेनुतचं काय होईल. मी म्हणालो, काका, नाव. म्हणाला, मालक, क्षमा.

मालक म्हणाला मला. काका.

दिवस सतरावा

ताप उतरतच नाही. आज प्रेत सुकवायचा खार आणला. पोत्यांनी. अंगणात रचलाय. तागाच्या पट्ट्या मोजतायत — मऊ आहेत, पातळ —

डोळे मिटले की तुळया दिसतात. घरटं. पेटी तिकडे कारखान्यात आहे. मी इथे गच्चीवर. तरी तुळया.

चिमणीची पिल्लं उडाली.

दिवस अठरावा

वैद्य येऊन गेला. गोड बोलला. म्हणाला, दुखणार नाही. नाव काय म्हणून विचारलं मला. बघ म्हणाला, आठवतंय का.

मला — थोडा वेळ —

आठवलं. पण वेळ लागला. त्याने मान हलवली, बरं वाटल्यासारखी.

लिहितो. अमेनी अमेनी अमेनी. तेतीच्या पोटचा.

दिवस

कुठला ते माहीत नाही.

मुकादमाकरवी हिशेब आला. महिन्याचे दोन ठरले होते. पिशवी उचलेना मला. मी मोजलं. पुन्हा मोजलं. एवढं जिवंत माणसाला कुणी देत नाही.

हेनुतमावशी पिशवी आणि या सगळ्या कपच्या नावेवर देईन म्हणते. नदीच्या देवाची शपथ घेतलीय तिने. आई, वाचता येणार नाही तुला, सेनीला सांग कोठारातल्या कारकुनाकडे ने. सेनी, तू म्हणाला होतास — जाऊ दे. तू आईजवळ राहा. तांबं काय, घे, जाळी घे, हवं ते कर. फक्त रोज पाणी ओतताना मोठ्याने नाव घ्या. माझं. इथे आता कुणालाच — मावशीसुद्धा मालक म्हणते. तुम्ही दोघं सोडून कुणाकडे ते उरलं नाही. आई, मोठ्याने. शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. मी ऐकेन. कुठूनही —

जिन्यावर आलेत. बरेच आहेत. हळू चालतायत, अनवाणी. आयुष्य बळ आरोग्य म्हणतायत —

लिहवून घे, आई. राजाने नाही. मोठ्या घराने नाही. अमेनीने पाठवले. अमेनीने. चाळीस देबेन —